कृपया दाबून पाहू नये

ओहायो राज्यातल्या हार्टव्हिल गावी जुन्यापुराण्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. तिथल्या एका टेबलावर मिकी, डोनाल्ड, प्लूटो आणि रंग उडालेलं एक डुक्कर अशी मंडळी ओळीनं उभी होती आणि त्यांच्यापुढे हातानं लिहिलेली पाटी होती, 'कृपया दाबून पाहू नये.' दाबलं की चूं करायचं, यापलीकडे ज्या खेळण्यांना दुसरं काहीच येत नाही, त्यांच्यासमोर ही पाटी! मला हसू आलं. टेबलामागच्या सत्तरीतल्या गृहस्थांना अशा हसण्याची सवय असावी. "एकदा दाबलंत तर कदाचित वाजेल," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा दाबलंत तर तुकडे वेचावे लागतील. पैसे मात्र पूर्ण पडतील."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'हौस' हा विषय दिला, तेव्हा त्यांना माझ्याकडून बहुधा अमेरिकेतल्या ढोलपथकावर किंवा एकांकिका स्पर्धेवर लेख हवा असणार. पण मी राहते ॲक्रन शहराच्या परिसरात. याच पंचक्रोशीत एके काळी रबरी मिकी आणि डोनाल्ड तयार होत, आणि आज ते शोधत हौशी मंडळी कुठून कुठून येतात, हे मला अलीकडेच कळलं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे मोल आहे, घासाघीसही भरपूर आहे. शाश्वती तेवढी नाही. नाणी जमवणाऱ्याला कालचं नाणं आज तसंच मिळतं. या लोकांच्या कपाटातला माल रोज थोडा थोडा मरत असतो, आणि ते सगळं समजून उमजून तो विकत घेतात.

अंगठा, नाक आणि तळवा

टेबलामागच्या गृहस्थांनी मला पारख कशी करतात ते दाखवलं. आधी त्यांनी डोनाल्ड उचलून पाठीवर अंगठा टेकवला. दाबला नाही, नुसता टेकवला आणि किंचित भार दिला. रबर जिवंत असेल तर तेवढ्यानं आत जातं आणि अंगठा काढला की सावकाश वर येतं. मेलेलं असेल तर हलतच नाही. तिसरी अवस्था सगळ्यांत वाईट. रबर आत जातं आणि आतच राहतं, अंगठ्याला चिकट लागतं. अशा मालाला हात लावला तरी हात धुवावा लागतो.

मग नाक. जुन्या रबराला गंधकाचा वास येतो, पन्नास-साठ वर्षांनीही येतो. व्हायनल या प्लास्टिकचा वास गोडसर आणि रासायनिक. बाजारात दोन्ही माल 'रबरी' म्हणूनच विकला जातो. त्यात लबाडी असतेच असं नाही, विकणाऱ्यालाही बरेचदा फरक माहीत नसतो. तिसरी खूण सांध्याची. दोन भागांच्या साच्यातून निघालेल्या रबरी खेळण्याच्या कुशीवर, कानामागे, टोपीच्या कडेला एक बारीक रेघ असते. व्हायनलच्या खेळण्यावर ती बहुधा नसते.

रंग उडालेला असला की किंमत थोडी उतरते, डोळे किंवा चोच पुसली गेली असेल तर बरीच. दातांचे ठसे असतील तर आणखी. त्या डुकराच्या कानावर दोन बारीक दात उमटले होते आणि म्हणून ते स्वस्त होतं. मला हा हिशेब उफराटा वाटला. ज्या खेळण्याशी कुणी खेळलंच नाही, जे कपाटात खोक्यातच राहिलं, त्याला जास्त भाव. "खोकं बघून लोक वेडे होतात," ते गृहस्थ म्हणाले. "पुठ्ठा टिकतो हो. रबर टिकत नाही. कधी कधी मी खोकंच विकतो."

शेवटी खेळणं उलटं करून तळवा वाचायचा.

मिकीचे डोळे

मिकी पडद्यावर आला १९२८ साली. १९३० पासून त्याच्या खेळण्यांचे परवाने न्यूयॉर्कच्या बोर्गफेल्ट कंपनीमार्फत दिले जात होते. माल कसाही बनत होता आणि वॉल्ट डिस्ने त्यावर खूश नव्हते. १९३२ मध्ये के केमन नावाचा कॅन्सस सिटीचा जाहिरातवाला पुढे आला आणि त्यानं हा सगळा कारभार हातात घेतला. कोणत्या कारखान्यानं काय बनवायचं, मिकीचं नाक किती मोठं, खोक्यावरचं चित्र कसं, यावर त्याची नजर असे. १९३३ चं इंगरसोलचं मिकी घड्याळ त्याच्याच काळातलं. मंदीत अडकलेल्या कारखान्यांना मिकीच्या परवान्यानं हात दिला, आणि चित्रपटाच्या तिकिटाबरोबर वस्तू विकण्याचा जो उद्योग आज आपण गृहीत धरतो त्याची घडी या माणसानं बसवली. १९४९ मध्ये ॲझोर्स बेटांवर झालेल्या विमान अपघातात तो गेला.

संग्राहकांना या इतिहासाचा उपयोग अगदी रोकडा आहे. तळव्यावर 'वॉल्ट डिस्ने एंटरप्रायझेस' असं कोरलेलं असेल तर खेळणं तिशीच्या दशकातलं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीचं. १९३९ च्या आसपास त्याजागी 'वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स' आलं आणि ते पुढे १९८६ पर्यंत, कंपनीचं नाव बदलेपर्यंत राहिलं. एवढा मोठा काळ एकाच नावाखाली येतो, म्हणून मग बाकीच्या खुणा पाहायच्या. मिकीचे डोळे बघायचे. सुरुवातीच्या मिकीचे डोळे काळे, त्यातली एक पाचर कापून काढल्यासारखे. १९३९ च्या 'द पॉइंटर' या चित्रपटापासून त्याच्या डोळ्यांत पांढरा भाग आणि बुबुळ आलं. तळवा झिजून वाचता येत नसेल तर डोळे वाचायचे.

अर्थात खेळण्याचे कारखाने पडद्याबरोबर धावत नसत. साचा महाग असतो. बनलेला साचा झिजेपर्यंत वापरायचा हाच धंद्याचा नियम, त्यामुळे नव्या नावाखाली जुन्या चेहऱ्याचा मिकी सापडला तर बिचकायचं नसतं.

रबराचं गाव

ॲक्रनमध्ये रबराचं एकही झाड नाही. इथल्या थंडीत ते जगणारही नाही. पण १८७० मध्ये गुडरिच नावाच्या डॉक्टरानं इथे कारखाना काढला, १८९८ मध्ये फ्रँक सायबरलिंगनं गुडइयर सुरू केली, १९०० मध्ये फायरस्टोन आली, आणि मोटारींचं वेड वाढलं तसं हे शहर जगाची रबर-राजधानी म्हणवून घेऊ लागलं. इथले जुने लोक सांगतात की वाळत घातलेल्या कपड्यांना रबराचा वास लागायचा आणि आई म्हणायची, हा पैशाचा वास आहे.

सायबरलिंगच्या हातून १९२१ मध्ये गुडइयर गेली. त्यानं शेजारच्या बार्बर्टन गावात स्वतःच्या नावाची नवी रबर कंपनी काढली. त्याचा स्टॅन हायवेट नावाचा वाडा ॲक्रनमध्ये अजून आहे आणि तिकीट काढून बघता येतो. आपल्या गोष्टीत त्याचं नाव येतं ते सायबरलिंग लेटेक्स प्रॉडक्ट्समुळे. तिशीच्या दशकातले रबरी मिकी, डोनाल्ड आणि हिमगौरीचे सात बुटके यांच्यावर याच कंपनीचं आणि ॲक्रनचं नाव असतं. बार्बर्टनमध्येच सन रबर कंपनी होती. तिची रबरी मोटारीत बसलेली मिकी-डोनाल्डची जोडी आजही बाजारात बऱ्यापैकी भेटते, कारण भरीव आणि जाड रबर तुलनेनं जास्त तग धरतं. पोकळ खेळण्यांचं तसं नाही, आणि चूं फक्त पोकळ खेळणंच करू शकतं.

पोकळ रबरी खेळणं बनवण्याच्या दोन रीती होत्या. एकीत कच्च्या रबराचे पत्रे कापून त्यांचे तुकडे जोडायचे, आत तापल्यावर वायू सोडणारं रसायन घालायचं आणि ते गाठोडं लोखंडी साच्यात कोंडून वाफेनं तापवायचं. आतला वायू फुगतो, रबर साच्याच्या भिंतीला जाऊन चिकटतं, आणि त्याच उष्णतेत गंधकाशी संयोग होऊन त्याला कायमचा आकार येतो. दुसरी रीत लेटेक्सची, म्हणजे रबराच्या द्रव चिकाची. तो प्लास्टरच्या साच्यात ओतायचा. प्लास्टर पाणी शोषून घेतं, भिंतीवर रबराची साय धरते, आणि मनाजोगी जाडी आली की उरलेला चीक परत ओतून काढायचा. वाळवायचं, भाजायचं, मग रंग. डोळ्यांपुरती किंवा बुटांपुरती भोकं असलेला मुखवटा खेळण्यावर बसवून फवारा मारायचा, बारीक काम ब्रशानं हातानं. म्हणून एकाच साच्यातले दोन डोनाल्ड शेजारी ठेवले तर एक रागावलेला दिसतो आणि दुसरा गोंधळलेला. संग्राहक अशा चेहऱ्यांवरून तासन् तास बोलतात.

आवाज

सगळ्यांत शेवटी तळाच्या किंवा पाठीच्या भोकात शिट्टी बसवत. ही वस्तू रुपयाच्या नाण्याहून लहान. जुन्या खेळण्यांत ती धातूची असते. दोन चकत्या, मधे थोडी पोकळी आणि दोन्हींना मधोमध एकेक छिद्र. पोट दाबलं की हवा एका छिद्रातून येऊन दुसऱ्याच्या काठावर आपटते, मधली पोकळी घुमते आणि आवाज होतो. सोडल्यावर हवा उलटी आत शिरते आणि पुन्हा आवाज होतो, जरा वेगळ्या पट्टीत. म्हणजे जुनं खेळणं खरं तर एका दाबात दोनदा बोलतं. नंतरच्या शिट्ट्या प्लास्टिकच्या आल्या, त्यांच्यात हार्मोनियमच्या सुरासारखी पातळ जीभ थरथरते. ती बहुधा एकाच दिशेनं वाजते.

पहिला घात होतो तो पाण्यानं. आईबाप खेळणं टबात देतात, पाणी छिद्रातून आत जातं, लोखंड गंजतं, आवाज बसतो. मग पोरगं हौसेनं बोट घालून शिट्टी आत ढकलतं आणि ती पोटात खुळखुळत राहते. बाजारात 'वाजतं' आणि 'खुळखुळतं' असे दोन स्पष्ट वर्ग आहेत. नवी शिट्टी बसवून देणारे लोकही आहेत. त्यावर या मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो, न वाजणारं खेळणं म्हणजे नुसती मूर्ती. दुसरा म्हणतो, आजची शिट्टी घातलेला १९३८ चा बुटका हा खोटा बुटका. माझं मत विचारलंत तर शिट्टी बदलावी आणि तसं सांगावं. पण मी संग्राहक नाही.

मुखवटा

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. जपाननं मलाया आणि पूर्वेकडची बेटं घेतली तसा अमेरिकेला येणाऱ्या नैसर्गिक रबराचा जवळजवळ सगळा झरा आटला. टायरसाठीच रबर नव्हतं, खेळण्यांना कुठून मिळणार?

जानेवारी १९४२ मध्ये सन रबरचे मालक टी. डब्ल्यू. स्मिथ आणि त्यांचा रचनाकार डीट्रिश रेम्पेल यांनी वॉल्ट डिस्नेंच्या संमतीनं एक नमुना तयार केला आणि रासायनिक युद्ध विभागाचे प्रमुख मेजर जनरल विल्यम पोर्टर यांच्यापुढे ठेवला. तो होता लहान मुलांचा विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा, मिकीच्या तोंडाचा. गोल कान, मोठे गोल डोळे आणि तोंडाच्या जागी गाळणी. मुलानं तो खेळ समजून जवळ बाळगावा आणि वेळ आली तर न रडता चढवावा, हा हेतू. असे सुमारे १,००० मुखवटे बनले. वायुहल्ला झाला नाही, मुखवटे कुणाला घालावे लागले नाहीत, आणि आज त्यातले फारच थोडे उरलेत. त्यांचे फोटो पाहिलेत मी. ज्या हातांना मुलांना हसवणारा मिकी घडवायची सवय होती त्याच हातांचं ते काम आहे हे दिसतं, आणि म्हणूनच ते बघवत नाही.

जून १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी रेडिओवरून घराघरांतलं जुनं रबर मागितलं. पेट्रोल पंपावर नेऊन द्यायचं, पौंडाला एक सेंट. लोकांनी टायर, बागेच्या नळ्या, पावसाळी बूट, पोहण्याच्या टोप्या आणल्या, आणि काही आठवड्यांत सुमारे साडेचार लाख टन रबर गोळा झालं. मुलांनी खेळणीही आणून टाकली. युद्धाआधीचा रबरी मिकी आज दुर्मीळ का, याची दोन कारणं संग्राहक सांगतात. एक ऑक्सिजन, दुसरं देशभक्ती.

युद्ध संपल्यावर रेम्पेलनं ॲक्रनमध्ये स्वतःचा कारखाना काढला. त्याचा गाजलेला माल म्हणजे रेडिओवरचा खोडकर बेडूक, फ्रॉगी द ग्रेमलिन. दाबलं की चूं करतो आणि जीभ बाहेर काढतो. इथल्या प्रत्येक बाजारात एखादा फ्रॉगी दिसतोच, बहुतेकदा जीभ आत अडकलेला.

शत्रू घरचाच

रबरी खेळण्याला संपवणारी वस्तूही ॲक्रनमध्येच जन्मली. १९२६ मध्ये गुडरिचचे रसायनशास्त्रज्ञ वॉल्डो सीमन धातूला रबर चिकटवणारा गोंद शोधत होते. पीव्हीसी नावाचा तोवर निरुपयोगी, ठिसूळ पदार्थ त्यांनी उच्च तापमानाला उकळणाऱ्या द्रावकात गरम केला. गोंद काही झाला नाही. हाती आला तो लवचीक, पाण्याला दाद न देणारा गोळा. व्हायनल ते हेच. सीमन शंभर वर्षं जगले आणि आपल्या पदार्थानं जग झाकून टाकलेलं पाहून गेले.

युद्धानंतर खेळणीवाल्यांनी ते उचललं. द्रवरूप व्हायनल साच्यात घालून साचा भट्टीत दोन्ही अंगांनी फिरवायचा. ते आतल्या भिंतीवर सारखं पसरून घट्ट होतं, आणि गरम असतानाच अख्खं खेळणं मानेच्या भोकातून ओढून काढायचं. सांधा नाही, गंधक नाही, रंग उजळ, काम झटपट. सन रबरही व्हायनलकडे वळली. १९५५ ची गर्बर कंपनीची बाळबाहुली तिचीच. पण स्वस्त परदेशी मालापुढे आणि वाढत्या खर्चापुढे टिकाव लागला नाही आणि १९७४ मध्ये कारखाना बंद झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेकिनचे बग्ज बनी, इटलीतल्या लेड्राप्लास्टिकचे डिस्ने प्राणी हा पुढच्या पिढीचा माल. लेड्राचे मालक अक्विलिनो कोसानी यांनी १९६३ मध्ये बनवलेला मोठा चेंडू आज पाठदुखीवाले जगभर व्यायामाला वापरतात. हातात खेळण्याचं तंत्र होतं, त्यातून चेंडू निघाला.

रबर अगदीच हरलं असंही नाही. २५ मे १९६१ ला फ्रान्समध्ये जन्मलेली सोफी नावाची जिराफ अजून नैसर्गिक रबराचीच बनते, चूं करते आणि दात येणारी बाळं ती चावतात. तिचे निर्माते आधी डिस्नेची पात्रंही रबरात बनवत. ती कुठल्याही चित्रपटातली नाही, आणि माझ्या मते तिच्या दीर्घायुष्याचं तेच कारण असावं. चित्रपट जुना झाला की त्याचं खेळणं जुनं होतं. जिराफ जुना होत नाही.

तळघर

बाजारातल्या गृहस्थांनी ज्यांचा पत्ता दिला त्या निवृत्त शाळाशिक्षिका. त्यांचा संग्रह घराच्या तळघरात. मला वाटलं होतं काचेची कपाटं असतील, दिवे असतील. खाली गेलो तर अंधार, गार हवा, आणि कोपऱ्यात हवेतलं पाणी ओढणारं यंत्र घुरघुरत होतं. बाईंनी दिवा लावला आणि म्हणाल्या, "पंधरा मिनिटं. प्रकाश त्यांना मानवत नाही."

खेळणी ड्रॉवरमध्ये आडवी निजवलेली, प्रत्येक वेगळ्या पांढऱ्या कागदात. रबर हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याच्या आतल्या साखळ्या तुटू लागतात. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्याला गुंडाळलेलं रबरबँड आधी चिकट होतं आणि मग स्पर्श करताच तुटतं, तेच इथे सावकाश चाललेलं असतं. ओझोननं ताणलेल्या जागी भेगा पडतात, म्हणून खेळणं वाकवून ठेवायचं नाही. तांब्याशी संपर्क नको, त्यानं ऱ्हास वाढतो. तेलकट हात नकोत. पोट आत जाऊ लागलेल्या खेळण्यात कागदाचा बोळा भरून ठेवायचा. मग ते वाजत नाही, पण उभं राहतं.

व्हायनलचा आजार वेगळा. त्याला मऊ ठेवणारी थॅलेट नावाची रसायनं हळूहळू पृष्ठभागावर झिरपतात आणि खेळणं पाझरल्यासारखं चिकट होतं. दोन व्हायनल खेळणी एकमेकांना टेकवून ठेवली तर एकाचा रंग दुसऱ्यावर उतरतो. कठीण प्लास्टिकच्या डब्यात ठेवली तर डबाच विरघळायला लागतो. याच रसायनांपैकी काहींवर अमेरिकेनं २००८ च्या कायद्यानं मुलांच्या खेळण्यांत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. बाईंच्या नातवंडांना म्हणून तळघरात मज्जाव आहे. जुन्या रंगात शिसंही असू शकतं, तोंडात घालायची सोय नाही. व्हायनलचा एक गुण मात्र आहे. पोचा आला असेल तर गरम पाण्यात धरला की तो बहुधा भरून येतो. "रबराला हे करू नका," बाईंनी बजावलं, जणू मी घरी जाऊन लगेच करणार होते.

एका खणात 'एंटरप्रायझेस' छापाचा मिकी होता. पाठीला भेगांचं जाळं, पण डोळे शाबूत. वाजतो का, विचारलं. वाजत असावा, म्हणाल्या. विकत घेतला तेव्हापासून त्यांनी तो एकदाही दाबलेला नाही.

आता त्यांना संग्रह विकायचा आहे. गुडघे जिना चढू देत नाहीत आणि यजमानांना तळघरात टेबल टेनिस मांडायचं आहे. वस्तुसंग्रहालयं रबर घ्यायला कचरतात, कारण ते सांभाळायला खर्च येतो आणि त्यातून निघणारे गंधकयुक्त वायू शेजारच्या चांदीच्या वस्तू काळ्या पाडतात. म्हणून बाईंनी दोन याद्या केल्यात. रबर आधी जाणार, मिळेल त्या भावाला, कारण त्याला वाट बघायला वेळ नाही. व्हायनल मागाहून, सावकाश. निघताना त्यांनी विचारलं, मुंबईत कुणी घेणारं असेल का? मी त्यांना आमच्याकडच्या मे महिन्याबद्दल सांगितलं, मग जुलैबद्दल.

"मग व्हायनल पाठवीन," त्या म्हणाल्या. "रबर नको."